एक किलोमीटरच्या आत

शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळेतल्या राखीव जागेसाठी ऑनलाइन अर्ज भरताना पडद्यावर एक नकाशा उघडतो. त्यावर एक बलून दिसतो. पालकांनी तो बरोबर आपल्या घरावर नेऊन ठेवायचा. घर आणि शाळा यांच्यातलं अंतर त्यावरूनच मोजलं जातं. एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलांचा आधी विचार होतो, एक ते तीन किलोमीटरवाल्यांचा त्यानंतर. बलून हलवायला जेमतेम पाच संधी मिळतात. जागा चुकली, तर सोडतीत नंबर लागूनही पडताळणीत प्रवेश रद्द होऊ शकतो. पुण्याच्या बिबवेवाडीत, अप्पर आणि सुपर इंदिरानगरच्या बोळांत, पत्र्याला पत्रा लागून घरं उभी आहेत. तिथे मोबाइलवर बोटाच्या टोकाने आपलं छप्पर हुडकून काढणं जिकिरीचं काम असतं. मुलाच्या पुढच्या आठ-दहा वर्षांचं बरंच काही त्या बोटावर अवलंबून असतं.

प्राथमिक शिक्षणातली विषमता म्हटलं की डोळ्यांसमोर येतात ते दुर्गम पाडे, ओढा ओलांडून शाळेत जाणारी मुलं, एक शिक्षक आणि गळका वर्ग. बिबवेवाडीत यातलं काहीच नाही. एका अंगाला गुलटेकडीचं मार्केट यार्ड, दुसऱ्या अंगाला चढत जाणारा डोंगरउतार आणि वर अप्पर डेपो. मधल्या पट्ट्यात बंगले, सोसायट्या, रुग्णालयं, मंगल कार्यालयं आणि एक नावाजलेलं अभियांत्रिकी महाविद्यालय. यार्डातले हमाल आणि तोलणार, भाजी निवडणाऱ्या बायका, रिक्षाचालक, घरकाम करणाऱ्या मावश्या आणि त्या ज्यांच्या घरी काम करतात ती कुटुंबं, सगळी इथेच राहतात. शाळाही सगळ्या प्रकारच्या आहेत. महापालिकेची मराठी शाळा, अनुदानित शाळा, कमी फीची इंग्रजी शाळा, भरमसाट फीची इंग्रजी शाळा, आणि या सगळ्या चालत जाण्याच्या अंतरावर. इथल्या मुलासाठी शाळा लांब नाही. कुठल्या शाळेचं फाटक त्याच्यासाठी उघडेल, एवढाच प्रश्न आहे.

जगाच्या मापाने पाहिलं तर ही तक्रार लहान वाटेल. युनेस्कोने २०२५ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार जगभरात २७ कोटी २० लाख मुलं आणि किशोरवयीन शाळेबाहेर आहेत. त्यातली सुमारे ७ कोटी ८० लाख प्राथमिक शाळेच्या वयाची आहेत. अफगाणिस्तानात २०२१ नंतर मुलींना सहावीपुढे वर्गात बसायला बंदी आहे. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या देशांत युद्ध, दुष्काळ आणि दारिद्र्य मिळून पिढ्यांच्या पिढ्या शाळेपासून तोडत आहेत. त्या मानाने भारताने मुलांना शाळेच्या पटावर आणण्याचं काम बऱ्यापैकी पार पाडलं आहे. ‘असर’ या शिक्षणविषयक अहवालाच्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत ६ ते १४ वयोगटातल्या ९८ टक्के मुलांची नावं कुठल्या ना कुठल्या शाळेत होती. मात्र पटावर नाव आलं की पुढचा, अधिक अवघड प्रश्न सुरू होतो आणि बिबवेवाडीसारख्या वस्तीत तो लख्ख दिसतो. एकाच रस्त्यावरची दोन मुलं पहिलीपासून दोन वेगळ्या जगांत वाढतात. एकमेकांशी त्यांची गाठ पडते, ती एकाची आई दुसऱ्याच्या घरी पोळ्या लाटायला जाते म्हणून.

हे अंतर कमी करण्याचा एक खटाटोप कायद्यातच आहे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला, २००९ मध्ये कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. पहिली ते पाचवीसाठी वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत शाळा आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत, हे त्यातून आलेलं बंधन सरकारवर आहे. त्याच कायद्याच्या कलम १२ (१) (क) ने विनाअनुदानित खासगी शाळांनाही जबाबदारी दिली : प्रवेशाच्या वर्गातल्या किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या, फी घ्यायची नाही, त्यांचा खर्च सरकार भरून देईल. संस्थाचालकांनी आव्हान दिलं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये हे कलम वैध ठरवलं. पुढे २०१४ च्या निकालाने अल्पसंख्याक संस्था त्यातून वगळल्या गेल्या. बाकीच्या शाळांमधून महाराष्ट्रात दरवर्षी लाखाच्या आसपास जागा उपलब्ध होऊ लागल्या.

मग ९ फेब्रुवारी २०२४ ची अधिसूचना आली. राज्य सरकारने २०११ आणि २०१३ च्या नियमांत बदल केला. ज्या खासगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला २५ टक्के जागा देण्याचं बंधन उरणार नाही, असं ठरलं. कागदावर ही साधी तरतूद दिसते. ती बिबवेवाडीच्या नकाशावर ठेवून पाहा. मार्केट यार्डापासून अप्पर डेपोपर्यंतच्या दाट वस्तीत महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरपेक्षा दूर अशी खासगी शाळा शोधायला गेलं तर हाताला काय लागणार? पुणे, मुंबई, ठाणे, नागपूर, सगळ्या शहरांत तीच गत. शाळा मुलाच्या जवळ यावी म्हणून कायद्याने जे अंतर ठरवलं, तेच अंतर मुलाला फाटकाबाहेर ठेवायला वापरलं गेलं. या लेखापुरती सांगायची गोष्ट एवढीच आहे, आणि ती साधी चूक म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

कर्नाटकाने २०१८ च्या अखेरीस असाच बदल केला होता आणि तिथे या जागांसाठीचे अर्ज झपाट्याने आटले होते. महाराष्ट्रातही वेगळं घडलं नाही. नव्या नियमांनुसार २०२४ च्या एप्रिलमध्ये अर्ज मागवले, तेव्हा यादीत ७६ हजारांहून अधिक शाळा आणि साडेआठ लाखांहून अधिक जागा होत्या. जागा पूर्वीच्या आठपट झाल्या होत्या, पण त्यांत बहुसंख्य शाळा जिल्हा परिषद, महापालिका आणि नगरपालिकांच्या होत्या. तिथे प्रवेश मुळातच मोफत असतो. जो प्रवेश कधीही सहज मिळतो, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला काढून सोडतीत कोण उभं राहील? अर्ज लाखाच्याही खाली राहिले.

पालक आणि काही संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. ६ मे २०२४ रोजी अधिसूचनेला स्थगिती मिळाली. मे महिन्यातच जुन्या पद्धतीने पुन्हा अर्ज मागवावे लागले. या वेळी सुमारे एक लाख पाच हजार जागांसाठी दोन लाख चाळीस हजारांच्या आसपास अर्ज आले. त्याच राज्यात, त्याच उन्हाळ्यात, त्याच पालकांनी हे अर्ज भरले होते. फरक फक्त यादीतल्या शाळांचा होता. १९ जुलैला मुख्य न्यायमूर्ती देवेंद्र कुमार उपाध्याय आणि न्यायमूर्ती अमित बोरकर यांच्या खंडपीठाने अधिसूचना रद्दच केली. केंद्राच्या कायद्याने दिलेला हक्क राज्याला नियम करून काढून घेता येत नाही, हा त्या निकालाचा गाभा होता. शाळांनी मधल्या काळात दिलेले प्रवेश तसेच राहू द्यावेत, पण राखीव जागांचं प्रमाण पूर्ण करावं, असंही सांगितलं गेलं. ९ ऑगस्टला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने हा निकाल कायम ठेवला.

तोवर शाळा सुरू होऊन दोन महिने होत आले होते. प्रवेश मिळालेली मुलं ऑगस्टमध्ये अशा वर्गात जाऊन बसली, जिथे बाकीच्यांच्या ओळखी झाल्या होत्या आणि पहिली पुस्तकं निम्मी संपली होती. कोर्टकज्ज्यातला हा खर्च कुठल्याही हिशेबात धरला जात नाही.

सरकारची बाजू अगदीच पोकळ होती असं नाही. सरकार आणि महापालिका आपल्या शाळांवर खर्च करतात, मुलं मात्र तिथून निघून खासगी शाळांत जातात आणि त्यांची फीही पुन्हा सरकारनेच भरायची. महापालिकेचे वर्ग ओस पडत चालले आहेत, हे पुण्यातला कोणताही शिक्षक सांगेल. पण हा ओघ उलटा फिरवायचा मार्ग त्याच भागात दिसतो. बिबवेवाडीपासून जवळच, शिवदर्शनला, महापालिकेचीच राजीव गांधी ई-लर्निंग शाळा आहे. तिथे प्रवेशासाठी पालकांची झुंबड उडते. फी नसलेली शाळा चांगली चालते अशी खात्री पटली, की लोक आपणहून येतात. मग दुसरा दरवाजा बंद करण्याची गरज पडत नाही.

शहरातून बाहेर पडून त्याच पुणे जिल्ह्यातल्या राजगड तालुक्यात, म्हणजे पूर्वीच्या वेल्ह्यात गेलं, तर त्याच एका किलोमीटरची दुसरी बाजू दिसते. पानशेतला समूह शाळेचा प्रयोग झाला : डोंगरातल्या लहान लहान शाळांतली मुलं गाडीने एका मोठ्या, सुसज्ज शाळेत आणायची. २०२३ मध्ये राज्यभर अशा समूह शाळांसाठी प्रस्ताव मागवले गेले. तेव्हा वीसपेक्षा कमी मुलं असलेल्या शाळा पंधरा हजारांच्या घरात होत्या. पानशेतला मुलांना संगणक मिळाला, खेळायला सोबती मिळाले. पण ज्या दिवशी गाडी येणार नाही, त्या दिवशी पावसाळ्यात धनगरवस्तीवरच्या सात वर्षांच्या मुलीने काय करायचं? म्हणजे शहरात एक किलोमीटरचा नियम काटेकोर लावून खासगी शाळांना मोकळीक द्यायची, आणि डोंगरात तोच नियम सैल करून सरकारने स्वतः मोकळं व्हायचं. दोन्हीकडे चालायचं मात्र मुलाने.

या सगळ्याच्या मुळाशी पैशाचा युक्तिवाद आहे आणि पुण्याने तो पूर्वीही ऐकला आहे. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात नेमका तोच हिशेब मांडला होता. सरकारी महसूल येतो शेतकऱ्याच्या घामातून, आणि शिक्षणावरचा खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा, ही मागणी त्यांनी तेव्हाच केली. बडोद्यात सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीचं मोफत शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते संस्थानभर नेलं. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात असंच विधेयक आणलं. ते मार्च १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१७ मध्ये कायदा करून दाखवला.

पुण्यातला वाद तर विशेष बोलका आहे. १९१८ च्या मुंबई प्रांताच्या कायद्याने नगरपालिकांना सक्तीचं शिक्षण सुरू करण्याची मुभा दिली. पुणे नगरपालिकेपुढे प्रश्न आला : सक्ती फक्त मुलांना की मुलींनाही? तिजोरीत पैसे कमी आहेत, तेव्हा आधी मुलांचं पाहू आणि मुलींचं मागाहून, अशी भूमिका लोकमान्य टिळक आणि त्यांच्या गटाने घेतली. रमाबाई रानडे आणि त्यांच्या सहकारी स्त्रिया गप्प बसल्या नाहीत. १९२० मध्ये पुण्याच्या रस्त्यावर स्त्रियांचा मोर्चा निघाला, सभा झाल्या, त्या उधळल्याही गेल्या. ज्या शहरात १८४८ मध्ये फुले दांपत्याने मुलींची शाळा उघडली, त्याच शहरात सत्तर वर्षांनी हे पुन्हा मागावं लागत होतं. शिक्षणासाठी पैसा अपुरा पडतो तेव्हा कुणाला थांबायला सांगितलं जातं, हे पाहिलं की त्या काळातला समाज कळतो. १९२० मध्ये मुलींना थांबायला सांगितलं. २०२४ मध्ये वस्तीतल्या मुलांना.

राखीव जागा वाचल्या म्हणजे वाट मोकळी झाली असंही नाही. २०२५-२६ साठी राज्यात ८,८६३ शाळांमध्ये १,०९,०८७ जागा होत्या आणि अर्ज आले तीन लाखांवर. म्हणजे जवळपास तीन मुलांमागे एक जागा. आणि सोडतीच्या आधी कागद असतात. मुलाचा जन्मदाखला, जातीचा दाखला किंवा वार्षिक एक लाखाच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला, आणि राहण्याचा पुरावा. भाड्याने राहणाऱ्यांकडे नोंदणीकृत करार हवा, अर्जाच्या तारखेआधीचा आणि किमान अकरा महिन्यांचा. अप्परच्या एका खोलीत भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाला घरमालक असा करार करून देतो का? बहुतेक वेळा बोली व्यवहार असतो. करार मागितला तर खोली रिकामी करायला सांगतील, ही धास्ती असते. ज्या कायद्याच्या कलम १४ मध्ये वयाचा दाखला नाही म्हणून कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारता येणार नाही असं लिहिलं आहे, त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाचा लाभ घ्यायला कागदांचं बाड लागतं. मुलगा पालिकेच्या शाळेत हात हलवत जाऊ शकतो. शेजारच्या इंग्रजी शाळेत जायचं तर आधी बापाला तहसील कचेरीत रोजगार बुडवून उभं राहावं लागतं. खोट्या पत्त्यांवर जागा लाटणारे आहेत, त्यामुळे पडताळणी हवी, हे खरं. पण ज्याचा पत्ता खरा आणि कागद मात्र नाही, त्याच्यासाठीही काही सोय हवी होती.

आणि ज्यांना पत्ताच नाही, त्यांचं काय? गंगाधाम, कोंढव्याच्या बाजूला वर्षानुवर्षं इमारती उठत आहेत. बांधकामावरची कुटुंबं एक इमारत संपली की दुसरीकडे जातात. त्यांच्या मुलांचा बलून ठेवायचा कुठे? रजनी परांजपे आणि बीना लष्करी यांनी १९८८ मध्ये मुंबईत सुरू केलेली ‘डोअर स्टेप स्कूल’ ही संस्था १९९३ पासून पुण्यात काम करते आहे. तिच्या शिक्षिका बांधकामांवर आणि वस्त्यांत वर्ग घेतात, मुलांना पालिकेच्या शाळेत दाखल करतात आणि तिथवर नेऊन सोडतात. बसमध्येच भरणारे वर्गही तिने चालवले. एक किलोमीटरच्या आत शाळा असूनही एखाद्या मुलाला कुणीतरी हाताला धरून तिथे न्यावं लागतं, हे या शिक्षिकांना कुठल्याही अहवालापेक्षा आधी कळलं.

कचरावेचकांच्या मुलांची गोष्टही याच धाग्यातली. नव्वदच्या दशकाच्या आरंभी पुण्यात एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण कार्यक्रमातून कार्यकर्त्या वस्तीत शिकवायला गेल्या. कचरा वेचणाऱ्या मुलींना वर्गात बसवायचं तर आधी त्यांच्या आयांच्या पोटाचं पाहायला हवं, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यातून कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव यांच्या साथीने १९९३ मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. शाळेचा प्रश्न सोडवायला निघालेल्या बायकांना कामगार संघटना बांधावी लागली. प्रवेशाची जाहिरात काढून वाट पाहणाऱ्यांना हे कधी दिसत नाही. याच भागात, पद्मावतीजवळ, लेखक अण्णा भाऊ साठ्यांच्या नावाचं सभागृह आहे. ते स्वतः वाटेगावच्या शाळेत दीड दिवस गेले आणि मास्तरांच्या छळाने बाहेर पडले. शाळा त्यांच्या गावातच होती. दूर नव्हती.

इतर देशांनी काय केलं? केनियाने जानेवारी २००३ मध्ये प्राथमिक शाळांची फी रद्द केली आणि पाहता पाहता दहा लाखांहून अधिक नवी मुलं वर्गात दाखल झाली. किमानी मारुगे नावाचे ८४ वर्षांचे आजोबाही पुढच्या वर्षी पहिलीत जाऊन बसले. फी हाच अडसर होता, हे एका सत्रात सिद्ध झालं. पण शिक्षक आणि बाकं त्या प्रमाणात वाढली नाहीत आणि परवडणाऱ्या कुटुंबांनी मुलं खासगी शाळांत हलवली.

चिलीचं उदाहरण आपल्याला अधिक जवळचं आहे. तिथे ऐंशीच्या दशकापासून सरकार मुलामागे पैसे देई आणि खासगी शाळा वर पालकांकडून फी घेत, मुलं निवडूनही घेत. शाळा उत्पन्नाप्रमाणे विभागल्या गेल्या. २००६ आणि २०११ मध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले. २०१५ च्या कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या शाळांना नफा, फी आणि निवड यांना टप्प्याटप्प्याने मनाई केली आणि प्रवेशासाठी सर्वांची एकच यादी, गरज पडली तर सोडत, अशी पद्धत आणली. पूर्ण फीवर चालणाऱ्या श्रीमंत शाळा बाहेरच राहिल्या, हा त्यातला उणेपणा. तरी तिथे सरकारी मदतीच्या सगळ्याच शाळांत श्रीमंताचं आणि गरिबाचं मूल एकाच सोडतीत असतं. आपल्याकडे सोडत फक्त गरिबाच्या वाट्याला येते, आणि तीही चार जागांतल्या एका जागेसाठी.

नंबर लागल्यावरही हिशेब संपत नाही. सरकार एका मुलामागे वर्षाला जास्तीत जास्त १७,६७० रुपये देतं आणि तेही वेळेवर देत नाही. शाळांच्या संघटना कोट्यवधींच्या थकबाकीसाठी वर्षानुवर्षं भांडत आहेत. करोनाच्या वर्षी तर ही रक्कम ८,००० वर आणली होती. सरकारने अडवलेला पैसा शेवटी पालकांच्याच गळ्यात पडतो. पुस्तकं, गणवेश, सहल, संगणक, स्नेहसंमेलन अशा नावांनी मागणी येते आणि मूल वर्गात वेगळं पडू नये म्हणून आई पदरमोड करते. काही शाळा या मुलांना मनापासून सामावून घेतात, त्यांच्यासाठी जादा वर्ग चालवतात. त्यांची नावं वर्तमानपत्रात येत नाहीत, कारण तिथून तक्रार येत नाही.

आणि आठवी संपते. कायद्याचं छत्र १४ व्या वर्षापर्यंतच आहे. महाराष्ट्रातल्या या जागांवरून पहिलीत गेलेल्या सुरुवातीच्या तुकड्या २०२० नंतर आठवी पार करू लागल्या आणि नववीच्या दारात पालकांपुढे पूर्ण फीचं पत्रक आलं. आठ-दहा वर्षं त्याच बाकांवर, त्याच मित्रांसोबत इंग्रजीत शिकलेल्या मुलाला ऐन दहावीच्या तोंडावर शाळा बदलावी लागते, किंवा घरात कर्ज येतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ३ ते १८ वयाच्या सर्व मुलांच्या शिक्षणाचा शब्द दिलेला आहे. हक्क बारावीपर्यंत वाढवायला मात्र संसदेला कायदाच बदलावा लागेल. २०२५-२६ मध्ये बिबवेवाडीतून पहिलीत गेलेली मुलं २०३३ च्या उन्हाळ्यात आठवी पूर्ण करतील. तोवर तो बदल झाला नाही, तर नववीच्या फीची तरतूद त्यांच्या आईबापांना आत्तापासूनच करावी लागेल.